प्लास्टर निघाल्यावर सुरू होणारं काम

नोव्हेंबर-डिसेंबरात महाळुंगे पडवळच्या शिवारात कांद्याची लागवड सुरू झाली की बायकांची रांग सकाळी वाफ्यात वाकते, ती दिवस कलेपर्यंत. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. घरी परतताना प्रत्येकीचा हात कमरेवर असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. पुढे मार्च-एप्रिलात काढणी, काटणी, गोण्या भरणं. त्याशिवाय टोमॅटोचे कॅरेट, पाठीवरचा फवारणीचा पंप, दोन वेळच्या धारा. हुतात्मा बाबू गेनू याच गावचे. ते मुंबईला गिरणीत कामाला गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे पडले. त्यांच्यानंतरही आंबेगाव-जुन्नरची माणसं मुंबईला जात राहिली. कुणी गिरणीत, कुणी हमालीला, कुणी डबे पोचवायला. म्हातारपणी गावी परततात तेव्हा झिजलेले गुडघे आणि आखडलेली कंबर सोबत घेऊन येतात.

मी या भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले सातआठ जण खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, ‘मॅडम, शेक किती दिवस घ्यावा लागंल?’ त्यांच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे यंत्र. करंटचं, लाइटचं, नाहीतर जेल लावून फिरवायचं. या यंत्रांनी दुखणं काही काळ कमी होतं आणि तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग मी करतेही. पण आठवड्यातून तुम्ही माझ्यासमोर असता जेमतेम दोन तास. बाकीचे सगळे तास घरात आणि रानात जातात, आणि सांधा सुटतो, स्नायू भरतो तो त्या तासांत. म्हणून हा लेख त्या तासांसाठी लिहिते आहे.

आधी प्लास्टरचं सांगते. घसरून पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. विहिरीच्या कडेला, शेवाळलेल्या ओट्यावर, गाडीवरून, कुठेही. प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे राहतं. या काळात हात गळ्यात बांधून कुशीला धरून ठेवायचा, ही आपली समजूत. त्यामुळे होतं असं की मनगटाचं हाड जुळतं, पण बोटं मिटत नाहीत आणि खांदा वर जात नाही. प्लास्टर मनगटाला असतं, बोटांना नसतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्याच दिवसापासून दर तासाला दहा वेळा मूठ मिटा-उघडा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा, कोपर वाकवा-सरळ करा, हात डोक्यावर न्या. पहिले काही दिवस बसताना हात उशीवर, छातीच्या वर राहील असा ठेवा, म्हणजे सूज उतरते.

एक धोका मात्र पाठ करून ठेवा. प्लास्टर घातल्यावर बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, आणि दुसऱ्याने बोट हलकेच सरळ केलं तरी जीव जाईल अशी कळ आली, तर सकाळची वाट बघू नका. आतला दाब वाढून रक्त अडलं की काही तासांत स्नायू मरायला लागतो. त्याच रात्री रुग्णालयात जाऊन प्लास्टर उघडून घ्या. कामट्या लावून गावठी पद्धतीने घट्ट बांधलेल्या हातालाही हेच लागू आहे. उलट तिथे धोका जास्त.

प्लास्टर निघतं त्या दिवशी हात बारीक, खरबरीत आणि परका दिसतो. घाबरू नका आणि कुणाला चोळूही देऊ नका. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून मनगट वर-खाली, आडवं-उभं हळूहळू फिरवा, दिवसातून चार वेळा. मग घरातलीच कामं व्यायाम म्हणून करा. ओलं फडकं पिळणं, कणीक तिंबणं, तांब्या धरून तळहात वर आणि खाली फिरवणं. जड कॅरेट उचलायला मात्र घाई नको. ती परवानगी एक्सरे बघून डॉक्टर देतील.

कोपर चोळू नका

हे मी वेगळं लिहिते आहे, कारण हे माझ्या घरात घडलं.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना कांद्याच्या ट्रॉलीवरून पडला. कोपर सुजलं. रात्र होती, गाडी नव्हती, आणि हात बसवण्यात नावाजलेला एक माणूस जवळ राहायचा. त्याने गरम तेलाने कोपर चोळलं, ओढलं आणि बांधलं. पुढे आठ दिवस रोज चोळणं. भाऊ किंचाळायचा आणि आम्ही त्याचे पाय धरून बसायचो. मीही धरले होते. आज तो चाळिशीत आहे. उजवा हात पूर्ण सरळ होत नाही, पूर्ण वाकतही नाही. घास तोंडाशी नेताना त्याला मान पुढे आणावी लागते.

कोपराला मार लागला की पुढच्या स्नायूत रक्त साकळतं. तिथे जोरात चोळलं, ताणलं, ‘मोकळं’ करायचा प्रयत्न केला, तर शरीर त्या जखमेत नवं हाड घालायला लागतं. स्नायूच्या आतच हाड तयार होतं आणि सांध्याला खीळ बसते. हे काही आठवड्यांनी एक्सरेत दिसतं. एकदा झालं की ते हाड पिकेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. मुलांचं कोपराच्या वरचं हाड मोडलं असेल तर प्रश्न आणखी नाजूक असतो, कारण हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथूनच जाते.

ज्यांच्या हाताला गुण आहे अशी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांचा हेतू चांगला असतो. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण मुलाचं कोपर सुजलं तर पहिला हात त्यांचा लागू देऊ नका. पुठ्ठा किंवा घडी केलेला टॉवेल आधाराला लावा, कोपर ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत सैलसर बांधा आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्सरे काढा. नंतर कोपर सोडवतानाही नियम एकच: मुलाने स्वतः हलवायचं, दुसऱ्याने ओढायचं नाही. सामानाची पिशवी हातात लटकवून कोपर सरळ करायला लावणं, हा जुना उपायही घातक आहे.

मुरगळलेला घोटा

यात्रेत बैलगाड्याच्या घाटात धावताना, ढेकळांत पाय पडून, क्रिकेट खेळताना पाय मुरगळतो. पाहायचं एवढंच: लागल्यावर आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? आणि घोट्याच्या हाडावर बोट दाबलं की नेमकं हाड दुखतं का? चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडच दुखत असेल तर एक्सरे हवा. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. गरम शेक आणि मालिश या दिवसांत नको.

मग पाय हलवायला लागा. अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवा. दुखणं सोसवेल तसं पायावर वजन द्या. आणि ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात तो भाग शेवटचा: एका पायावर उभं राहणं. दात घासताना मुरगळलेल्या पायावर तीस सेकंद उभे राहा. जमलं की तेच जपून, भिंतीजवळ, डोळे मिटून करा. घोट्याच्या दोऱ्यांत, म्हणजे अस्थिबंधांत, पाय कुठे वाकतोय हे मेंदूला कळवणारे तंतू असतात. तेही दुखावलेले असतात. त्यांना पुन्हा शिकवलं नाही की तोच पाय वर्षभरात तीनदा मुरगळतो.

कंबर, उसण आणि ‘मणक्यातला गॅप’

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घेतात. माझ्या आजीनेही घेतला होता आणि चार दिवसांत ती उठून कामाला लागली. गुण येतो हे खरं आहे, कारण अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप सुटू लागते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. पायाळू माणसाने हलका पाय लावला तर नुकसान नाही. लाथ मारली तर आहे, विशेषतः वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला.

नुकसान खरं होतं ते पलंगावर पडून राहण्याने. पूर्वी डॉक्टरही कंबरदुखीला तीन-तीन आठवडे झोपून राहायला सांगत. आता जगभरचा अनुभव उलटा आहे. एक-दोन दिवस कमी हालचाल ठीक, त्यानंतर घरात, अंगणात, मग रस्त्यापर्यंत, असं थोडं थोडं चालायचं. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, दोन्ही गुडघे जोडून हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. पालथं झोपून कोपरांवर टेकता येत असेल तर दोन मिनिटं तसं राहा. ज्या दिशेने हलल्यावर पायात उतरणारी कळ वर कमरेकडे सरकते, ती तुमची दिशा. ज्याने कळ आणखी खाली पोटरीत उतरते, ते थांबवा.

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य मी रोज ऐकते. एमआरआयचा कागद हातात असतो आणि माणूस भ्यालेला असतो. त्यांना मी एक गोष्ट सांगते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या मणक्यांचे स्कॅन त्यात तपासले होते. विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांची मणक्यांमधली चकती फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. दुखत कुणालाच नव्हतं. म्हणजे चकतीचं फुगणं पुष्कळदा केस पिकण्यासारखं असतं. कागदावर ते लिहिलंय म्हणून तुमचा मणका मोडलेला नाही, आणि कमरेला पट्टा लावून आयुष्य काढायचीही गरज नाही. पट्टा प्रवासात किंवा जड कामात तासभर ठीक. दिवसभर लावला की पाठीचे स्नायू काम सोडतात.

पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पायाचा पंजा उचलेनासा झाला, तर हे फिजिओथेरपीचं काम नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तरीही आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे.

लागवडीत वाकलेल्या बायांना मी ‘वाकू नका’ असं सांगत नाही. ते सांगणं म्हणजे मजुरी सोडा म्हणण्यासारखं आहे. मी एवढंच सांगते: वाफा संपला की उभ्या राहा. दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका, मग दुसऱ्या वाफ्यात उतरा. अर्धं मिनिट जातं. टोळीच्या मुकादमाने हे सगळ्यांना एकदम करायला लावलं तर कुणी मागे पडत नाही. थोडा वेळ वाकून, थोडा वेळ एक गुडघा टेकून लावा. गोणी दोघांनी उचला, पोटाजवळ धरा आणि वळताना कंबर न पिळता पाय फिरवा. कॅरेट जमिनीवर न ठेवता दुसऱ्या दोन रिकाम्या कॅरेटांवर ठेवला तर निम्मं वाकणं वाचतं.

गुडघे आणि खांदा

गुडघा झिजला म्हणजे चालायचं बंद, असं समजू नका. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा भार पेलतो; बसून राहिलं की तोच पहिला वाळतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते सोपं झालं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. आधी उंच खुर्ची, मग बुटकी. वजनाबद्दल एकच हिशेब ध्यानात ठेवा: शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो.

व्यायाम करताना थोडं दुखेल. किती चालेल? दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीएवढंच असेल तर मात्रा बरोबर. सकाळी वाढलेलं, गुडघा गरम आणि सुजलेला असेल तर निम्म्यावर या. कांद्याच्या पाण्याची पाळी तुम्हाला कळते. जास्त झालं तर सड, कमी झालं तर वाळ. व्यायामाचंही तसंच आहे आणि ते जमिनीइतकंच माणसागणिक बदलतं.

खांदा धरणं बहुधा चाळिशी ते साठीत येतं आणि मधुमेह असलेल्यांना फार जास्त. आधी रात्रीची कळ, मग हात मागे जात नाही, ब्लाउजचा हूक लागत नाही, मग सावकाश सुटतो. या सगळ्याला वर्ष, कधी दोन-तीन वर्षंही लागतात. हे आधीच कळलं तर माणूस धीर धरतो. दुखण्याच्या काळात जोर करू नका. पुढे वाकून हात दोरीसारखा लोंबकळू द्या आणि लहान गोल फिरवा. कळ उतरली की भिंतीवर बोटांनी चढा, रोज खडूने खूण करा. आणि खांदा धरलेल्या प्रत्येकाने साखर तपासावी. कित्येकांना मधुमेह असल्याचं खांद्यामुळेच कळलंय. मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक स्वतःच्या अंदाजाने घेऊ नका. चटका बसल्याचं कळत नाही आणि फोड आल्यावर दिसतो.

अर्धांगवायू

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, तर घड्याळ बघा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन काढल्यावर. त्यामुळे अंगारा, कानात तेल, पायाला मालिश यात एक मिनिटही घालवू नका. स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

घरी आणल्यावर आमचं काम सुरू होतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. अशक्तपणा जाऊ दे, मग व्यायाम करू, असं म्हणत हे महिने निघून जातात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. लुळ्या हाताला धरून माणसाला ओढून उठवू नका. खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे तेच दुखणं सगळ्या व्यायामाला आडवं येतं. कमरेला ओढणीची किंवा धोतराची घडी बांधून तिला धरा. कुशीवर झोपवताना लुळा हात पुढे, उशीवर. आडवं झोपवून पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. आणि लुळ्या बाजूनेच गप्पा मारा, ताट त्या बाजूला ठेवा, नातवाला त्या बाजूला बसवा. मेंदूला त्या अंगाची आठवण अशीच येते.

कुणाकडे जायचं, काय विचारायचं

आपल्या राज्यात फिजिओथेरपीचं पद्धतशीर शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झालं. तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुलं समोर होती. १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुण्यात ससून रुग्णालयात आणि पाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ पासून चालणाऱ्या कृत्रिम अवयव केंद्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आज मंचर, नारायणगावला दवाखाने आहेत, पण पाटी लावणारा प्रत्येक जण शिकलेला असेलच असं नाही. फिजिओथेरपीची पदवी आहे का आणि राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. शिकलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

पहिल्या भेटीत अंगाला हात लावून, हालचाल करायला लावून तपासलं पाहिजे. न तपासता थेट यंत्राखाली झोपवलं तर उठून या. दुखणं सांगतानाच काय करता यायला हवं तेही सांगा: ‘मला खाली बसून धार काढायचीय’, ‘एसटीची पायरी चढायचीय’, ‘भजनाला दोन तास मांडी घालायचीय’. शहरातल्या छापील कागदावर ‘जमिनीवर बसू नये’ असं असतं. तुमचं घर, चूल, न्हाणी कशी आहे ते ऐकल्याशिवाय आम्हाला योग्य व्यायाम सुचत नाही. रोज यायला जमत नसेल, रोजंदारी बुडत असेल, तर लाजू नका, तसं सांगा. आठवड्यातून एकदा या, पण घरी करायचे तीनच व्यायाम नीट शिकून जा. दहा शिकवले तर एकही होत नाही, हा माझा अनुभव.

आणि येताना घरातल्या कुणाला तरी मोबाइल घेऊन सोबत आणा. तुम्ही व्यायाम करत असताना, तुमच्याच अंगावर, माझ्या आवाजासकट चित्रीकरण करून घ्या. रात्री जेवणं झाली, भांडी आवरली की नातीला तो लावायला सांगा. एखादी नात तर स्वतःच मोजायला बसते, आणि आजीने पाचऐवजी तीनच आकडे धरले की पहिल्यापासून सुरू करायला लावते.